उरलेला सव्वा सेकंद

अण्णा, वाद अर्धा टाकून उठून जायची तुझी ही पहिलीच खेप. एरवी तू माघार घेणारा नव्हेस, आणि मीही तुझीच धाकटी बहीण. आपण दोघं त्या विषयावर आलो की वहिनी कॉफीचे पेले समोर ठेवून आत निघून जायची. म्हणायची, ह्यांचं आठशे मीटर संपलं की मला हाक मारा.

परवा तुझा बारावा झाला. पंगत उठली, मांडव उतरला, मैसूरच्या विजयनगरातल्या तुझ्या घरासमोरून लोकांच्या स्कूटर एकेक करत निघून गेल्या. मी तुझ्या व्हरांड्यात बसून राहिले. रडून झालं होतं. डोक्यात तेच चालू होतं जे चाळीसहून जास्त वर्षं चालू आहे. दसऱ्याच्या शर्यतीत मी तू सांगितलेल्या वेळेच्या अडीच सेकंद आधी पोचायचे, ते अडीच सेकंद कुणाचे होते? तू म्हणायचास, अर्धे मैदानाचे आणि अर्धे घड्याळवाल्यांचे. मी म्हणायचे, अर्धे तरी माझे. आता तू नाहीस म्हणून मी जिंकले असं म्हणायचं का? एकटीनं पळून पहिलं येण्यात कसली मजा.

तुझं घर आहे तिथंच कुठंतरी आपलं मैदान होतं. हल्ली पहाटे अर्धवट झोपेत मला ते दिसतं. घरांसाठी प्लॉट पाडलेलं लेआउट अजून झालेलं नसतं. घरं नाहीत, दिव्यांचे खांब नाहीत, नुसती तांबडी माती, मधे मधे गवत आणि जमिनीला टेकलेलं धुकं. तू वाकून डब्यातला चुना सोडत पुढं चाललेला असतोस आणि मी तुझ्यामागं अनवाणी. पांढरी रेघ वळत वळत जाते. तू धुक्यात दिसेनासा होतोस, रेघ दिसत राहते. मी तिच्यावरून चालते, आणि चालता चालता ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते, कुणाच्या तुळशीजवळून, उभ्या करून ठेवलेल्या मोटारीच्या खालून. घरातली माणसं दोसा उलटत असतात, मुलांच्या वेण्या घालत असतात, आणि मी मधून चालले तरी कुणी मला हटकत नाही. सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं की ही बाई तिच्या रेघेवरून चालली आहे. मग हूटगळ्ळीच्या कारखान्याची बस हॉर्न वाजवते, मी मुलाच्या घरात जागी होते, आणि पाय खाली सोडते तर गुडघा कुरकुरतो.

तुला ठाऊक असलेलंच मी तुला सांगणार आहे. तू नेहमीसारखा डोळे मिटून हूं हूं करत ऐक. चुकलं तर मात्र ह्या वेळी मला मधेच थांबवता यायचं नाही.

तू स्वतः कॉलेजच्या मैदानावर पळायचास. तिथलं माप पक्कं होतं. पण तिथं पहाटेपासून सगळी मुलं असायची, आणि अप्पांनी दुकानात कातर चालवता चालवताच निकाल दिला होता: पोरगी पळते तर पळू दे, सगळ्या मैसूरनं बघायला नको. अप्पांच्या तोंडून एवढं निघालं हेच खूप होतं. आपल्या विठ्ठलाच्या भजनीमंडळात त्यावर किती कुजबुज झाली ते तुला आठवत असेल. आपल्या शिंप्यांच्या घरांत तोवर मुली काज करायच्या, बटणं लावायच्या, फार तर मशीन मारायच्या. पाय चालवायचे ते मशीनच्या पायट्यावर. तू मला सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून गावाच्या पश्चिमेला, वस्ती संपते तिथं घेऊन गेलास आणि मोकळ्या माळाकडं हात करून म्हणालास, हे तुझं.

तो आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग. दुकानातली मशिनं, कातरी, इस्त्री, सगळ्यांची पूजा झाली होती, आणि मधोमध पाटावर आजोबांची टेप. तेलकट कापडाची, पितळी टोकांची, इंचांचे आकडे पुसट झालेली. वर्षभर ती देवाजवळच्या डबीत असायची. आपल्या दुकानाचा नेम होता की नवऱ्यामुलीची पहिली चोळी आणि बाळाचं पहिलं अंगडं त्याच टेपनं मोजायचं. त्या मापाचा कपडा कधी अंगात चुकला नाही अशी मार्केटच्या मागच्या सगळ्या गल्लीत ख्याती होती. तू अप्पांना विचारून ती टेप खिशात घातलीस. म्हणालास, शुभ काम आहे, आजोबांच्याच मापानं होऊ दे. तिला लागलेलं कुंकू तुझ्या सदऱ्याला लागलं होतं.

त्या टेपनं तू एक लांब दोरी मोजलीस, इंचांचे मीटर तोंडानं करत, आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्यास. मग ती दोरी धरून आपण चारशे मीटरचं मैदान आखलं. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. ऊन वर येईपर्यंत आपण त्या माळावर एकमेकांपासून दोरीएवढ्या अंतरावर फिरत होतो, आणि तू ओढ म्हणालास की मी ओढायचे, सोड म्हणालास की सोडायचे. संध्याकाळी रेघ जिथून निघाली तिथं येऊन मिळाली तेव्हा तू डबा खाली ठेवून तिला नमस्कार केलास. मी हसले. पण मीही केला.

कुणाला वाटलं असतं, त्या टेपमध्ये खोट असेल? तीन पिढ्यांच्या हातांनी ओढून ओढून ती ढिली झाली होती, तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा झाला होता. दुकानात ते कळायला मार्गच नव्हता. ज्या टेपनं अंग मोजायचं त्याच टेपनं कापड कापायचं. माप चुकलं तरी दोन्हीकडं सारखंच चुकतं, आणि चोळी अंगात बरोबर बसते. घरच्या मापानं घरचं कापड कधी चुकत नाही. पण तू त्या टेपनं मैदान मोजलंस, आणि शर्यत दुसऱ्यांच्या मैदानावर होती.

तुझी पद्धत मी पुढं माझ्या मुलाला समजावून सांगायचा प्रयत्न केला, तर तो म्हणाला, आता हे सगळं मनगटावरचं घड्याळ सांगतं. त्याला काय कळणार. तू मला सरावात आठशे मीटर सलग कधी पळवलं नाहीस. दोनशेचे चार तुकडे, मधे अर्धं मिनिट उसंत, चारही तुकडे सारख्या ताकदीनं. चारांच्या वेळांची बेरीज करायची आणि वर शिलाई धरायची. शिलाई हा तुझाच शब्द. तुकडे जोडताना थोडं कापड शिलाईत जातं, तसा सलग पळताना थोडा वेळ जातो, कारण तिथं उसंत मिळत नाही. तो किती जातो हे तू स्वतः पळून, कॉलेजच्या पक्क्या मैदानावर, वर्षभर घासून काढलं होतंस. चार सेकंद. बेरीज अधिक शिलाई, की झाली शर्यतीची वेळ.

मी विचारायचे, आणि शर्यतीच्या दिवशी जोर आला तर? तू मान हलवायचास.

"रेसात नवं काय होत नाही गे. इथं कापलं तेच तिथं जोडायचं, अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच. तो कन्नड शब्द तू प्रत्येक बोलण्याच्या शेवटी गाठ मारल्यासारखा वापरायचास, आणि त्याच्यापुढं बोलायची सोय नसायची.

त्या सकाळी आठवल्या की मला अजून वेळेचं भान राहत नाही. पहिला तुकडा पळताना धुक्यात काहीच दिसायचं नाही, फक्त पायाखालची रेघ. स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. दुसऱ्या तुकड्याला चामुंडीचा डोंगर अर्धा दिसायचा, खालचा भाग नाही, नुसता माथा, अधांतरी. तिसऱ्याला पोटऱ्या भरून यायच्या आणि मला वाटायचं की मी पळत नाही, माळच माझ्याखालून मागं सरकतो आहे. चौथा कधी संपला ते कळायचंच नाही. रेघेपाशी तू घड्याळ धरून उभा असायचास, ओठ मिटलेले. आकडा सांगायचास आणि टॉवेल द्यायचास. घरी जाताना मी कॅरिअरवर बसून तुझ्या पाठीला डोकं टेकून झोपायचे. इतकी गाढ झोप मला पुढं कुठल्याच गादीवर लागली नाही.

पहिल्या दसऱ्याच्या शर्यतीला जाताना तू सायकलवरच मला आकडा सांगितलास. मी त्याच्या अडीच सेकंद आधी पोचले. लाउडस्पीकरवर वेळ ऐकून तुझा विश्वास बसेना. तू घड्याळवाल्यांपाशी जाऊन दोनदा विचारलंस, तेव्हा त्यातला एक चिडून म्हणाला की तुमचीच बहीण पहिली आली आहे, तक्रार कसली करता. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच, पाव सेकंद इकडे की तिकडे. अप्पांनी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की आमच्या सुमीच्या अंगात शर्यतीच्या दिवशी चामुंडी येते.  तुझा हिशेब मोडत होता आणि तुझी बहीण जिंकत होती, तुला हसावं की कपाळाला हात लावावा ते कळत नव्हतं.

मला मात्र कळत होतं. शेवटच्या वळणावर आतून काहीतरी उठायचं. मणक्यातून वर, गार पाण्यासारखं. पाय माझे राहायचे नाहीत. मी ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या वर्षांत मी वेगळी चालायला लागले. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, शिंप्याची, घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि पोटात हे गुपित की वेळ आली की माझ्यात जादाचं काहीतरी निघतं. परीक्षेला बसले तरी वाटायचं, शेवटच्या प्रश्नाला ते येईल. काय सांगू तुला, अण्णा, त्या अडीच सेकंदांवर मी उभी होते.

मग बेंगळूरला राज्याच्या संघासाठी निवड आली. तोवर कॉलेजच्या मैदानावर मुलींना सकाळची वेळ मिळायला लागली होती, म्हणून शेवटचा महिनाभर आपण तिथं गेलो. तुकडे झटक्यात हलके झाले. आपण दोघांनी मानलं की मी सुधारले. तू बेरीज केलीस, शिलाई धरलीस आणि आकडा सांगितलास. निवडीला लागणाऱ्या वेळेच्या तो थोडासाच मागं होता. तुझा चेहरा पडला आणि मी हसले, कारण तू माझे अडीच सेकंद धरलेच नव्हतेस. ते धरले तर निवड माझ्या खिशात होती.

तुला बेंगळूरला येता आलं नाही. लग्नसराई होती आणि त्याच आठवड्यात अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं दुकान तुझ्या एकट्यावर. मला कॉलेजच्या मॅडमबरोबर पाठवलंस. स्टेशनवर खिडकीतून शेंगा दिल्यास, आकडा पुन्हा एकदा सांगितलास आणि गाडी हलली तरी चालत राहिलास.

त्या शर्यतीचं मला फार थोडं आठवतं. मोठं मैदान, लाल मातीचा ट्रॅक, ओळीत सगळ्या माझ्याहून उंच मुली. पहिली फेरी बरोबर गेली. शेवटच्या वळणावर मी वाट पाहिली. आता उठेल, आता उठेल. वळण संपलं, सरळ रस्ता आला, आणि पाय माझेच राहिले, थकलेले, शहाण्यासारखे एकामागून एक पडणारे. मी तू सांगितलेल्या वेळेलाच पोचले, जवळजवळ तंतोतंत. मैसूरला पळाले होते त्याहून सव्वा सेकंद हळू. निवड झाली नाही.

परत आले तर तू स्टेशनवरच विचारलंस, किती? मी सांगितलं आणि तुझा चेहरा उजळला. खोटं बोलू नकोस, उजळला होता. चौथ्या खेपेला का होईना, तुझा आकडा खरा ठरला होता. मी तिथंच फलाटावर बसून रडायला लागले तेव्हा कुठं तुझ्या ध्यानात आलं की आकडा बरोबर येणं ही आनंदाची बातमी नव्हती. मी म्हणाले, ते गेलं. माझ्यातलं ते गेलं.

तुला माझं रडणं बघवेना म्हणून तू दुसऱ्या दिवशी माळावर गेलास. तिथं लेआउटचे खुंट मारायला सर्व्हेची माणसं आली होती. त्यांची पोलादी टेप मागून घेऊन तू आपलं मैदान मोजलंस. एका फेरीला चार मीटर जास्त. संध्याकाळी दुकानात मी इस्त्री करत होते, तू आलास, धापा टाकत, मोठा आनंद घेऊन आल्यासारखा.

"तुझं काय गेलं नाही गे सुमे. पयलेच नव्हतं. आपलं ग्राउंडच मोठं होतं. सुम्मे रडतेस तू."

सुम्मे म्हणजे उगाच. अण्णा, तू मला समजवायला आला होतास. तुला खरंच वाटलं होतं की कुणाच्या खिशातून काही पडलंच नाही हे सांगितलं की माणूस हसायला लागतो. मी इस्त्री उभी केली आणि आत निघून गेले, कारण हातातली इस्त्री मी कुठं टेकवली असती ते मला ठाऊक नव्हतं. जे हरवलं म्हणून मी दोन दिवस रडत होते ते कधी नव्हतंच असं तू मला सांगत होतास. हरवलेलं निदान कधीतरी आपलं असतं.

शांत झाल्यावर मी तुझ्याकडं हिशेब मागितला. मीही शिंप्याचीच मुलगी. मैदान लांब, म्हणून सरावाचे तुकडे उगाच हळू दिसायचे, कबूल. पण फेरीला चार म्हणजे आठशेला आठ मीटर, आणि त्यांनी सव्वा सेकंदच फरक पडतो, हे तूच काढून दाखवलंस. मी अडीच आधी पोचत होते. उरलेला सव्वा सेकंद कुणाचा? तू म्हणालास, हातातली घड्याळं, माणसाचा अंगठा, एखाद सेकंद इकडंतिकडं होतंच. मी म्हणाले, तीन वर्षं प्रत्येकाचा अंगठा माझ्याच बाजूनं चुकला? तू म्हणालास, असं होतं कधी कधी. आणि तिथून आपला वाद सुरू झाला तो तू असेपर्यंत.

मी आणखी एक हंगाम पळाले आणि मग लग्न होऊन पिरियापट्टणला गेले, सासरच्या कापडदुकानात. तंबाखूच्या हंगामात सगळ्या गावाला तो भट्टीचा वास, आणि मी गल्ल्यावर. दर दसऱ्याला माहेरी आले की तू पहिली कॉफी संपायच्या आत विचारायचास, मग, काय म्हणते तुझी चामुंडी? आणि मी म्हणायचे, काय म्हणतात तुझे अंगठे? वहिनी हसायची. मुलं मोठी झाली, अप्पा गेले, तू विजयनगरला घर बांधलंस आणि छातीठोकपणे सांगायला लागलास की तिसरी खोली बरोबर आपल्या दुसऱ्या वळणावर आली आहे. मला ते कधी पटलं नाही, पण मी त्या खोलीत झोपायचे. टीव्हीवर आठशे मीटर लागलं की तू पहिल्या फेरीवरून शेवटची वेळ सांगायचास आणि बहुतेक वेळा बरोबर यायचास. बरोबर आलं की माझ्याकडं बघायचास. तुझ्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही.

आणि तरी सांगते, रागाच्या भरातही मी हे विसरले नव्हते की मैसूरच्या त्या गल्लीत बहिणीला साडी घेणारे भाऊ पुष्कळ होते. पहाटे उठून चुन्यानं हात भाजून घेणारा एकच होता. तुझ्या बोटांची सालं निघायची, आणि तू दिवसभर दुकानात त्याच बोटांनी सुई धरायचास. तुझे आभार मानावेत असं मला कधी सुचलं नाही. आभार मानले असते तर तू म्हणाला असतास, अष्टे.

शेवटचं भेटलो तेव्हा तू तिसऱ्या खोलीत होतास. दुसऱ्या वळणावर. पांघरुणाखाली तू इतका बारीक झाला होतास की उशीवर डोकं तेवढं दिसत होतं. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं आणि खोलीत पाण्याखाली असावं तसं वाटत होतं.  मला वाटलं, तुझा डोळा लागला. मग तू माझ्याकडं न बघताच बोललास.

"घड्याळ नव्हतं गे ते. तीन वेळा कसं चुकणार. मी सुम्मे म्हणत होतो."

 इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते तू असं सहज माझ्या हातात ठेवलंस, आणि मला ते घेता येईना. तुझं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"पण मैसूरला उरायचं आणि बेंगळूरला नाही उरलं. दोन्हीकडे तूच पळालीस, अल्वा? मग ते काय होतं? मला गोत्तिल्ला गे. लई बघितलं, सापडलं नाही."

गोत्तिल्ला. ठाऊक नाही. तुझ्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. मला चिडवता आलं असतं. मी तुझा हात हातात घेतला, वहिनी पातळ भाताची गंजी घेऊन आली, तू दोन चमचे घेतलीस आणि झोपलास. मी संध्याकाळच्या बसनं हूटगळ्ळीला मुलाकडं परतले. वाटभर मी विचार करत होते. मलाही गोत्तिल्ला. तू म्हणालास ते बरोबरच होतं. चामुंडी खरी असती तर बेंगळूर काय लांब होतं तिला?

त्यानंतर फोन आला तो तू गेल्याचा.

आता परवाचं सांगते. बाराव्याच्या दिवशी तुझ्या घरात भरपूर आवाज होता. शेजारी कन्नडमध्ये तुझं कौतुक करत होते, माझी नातवंडं कोपऱ्यात इंग्रजीत भांडत होती, तुझा मुलगा गुरुजींशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलत होता. सगळे मला अम्मा म्हणत होते, आंटी म्हणत होते, अज्जी म्हणत होते. मी पानं मांडत फिरत होते आणि मधेच थांबत होते. वहिनीनं विचारलं, काय पाहिजे? मला सांगता येईना. मला वाटत होतं कुणीतरी मला हाक मारणार आहे. बऱ्याच वेळानं कळलं की मला गे म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. सुमे म्हणणारं तर नाहीच.

आणि व्हरांड्यात बसल्यावर ते आलं. इतकं साधं की मला माझंच हसू आलं, आणि मग मी वहिनीच्या देखत मोठ्यानं रडले.

दसऱ्याला शर्यत संपेपर्यंत तुला मैदानात सोडायचे नाहीत, तुझ्याकडं पास नसायचा. तू शेंगावाल्यांच्या गर्दीतून घुसून शेवटच्या वळणावरच्या भिंतीवर चढायचास. तिथून घड्याळ लावून उपयोग नव्हता, म्हणून त्या एका दिवशी तुझे दोन्ही हात मोकळे असायचे. सगळं मैदान ओडु, ओडु म्हणून ओरडत असायचं, हजारो माणसं, सगळी कन्नड, आणि त्याच्या वर एकच मराठी आवाज, फाटलेला, घरातला: सुमे, पळ गे, पळ गे. सरावात तू कधी तोंडातून आवाज काढला नाहीस. आवाजानं माप बिघडतं म्हणायचास. तिथं भिंतीवर मात्र तुझ्या गळ्याच्या शिरा दिसायच्या मला. त्याच जागी ते उठायचं. मी ते देवीच्या नावावर मांडलं आणि तू घड्याळवाल्यांच्या. मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मला वाटलं, ओरडणाऱ्याला ठाऊकच असणार.

तू शेवटपर्यंत शोधत राहिलास. मैदान मोजलंस, शिलाई तपासलीस, मला तपासलंस, दुसऱ्यांचे अंगठे तपासलेस. दोन्हीकडे मीच पळाले, हे तुझं खरं आहे.

पण बेंगळूरला तू नव्हतास, अण्णा.